काळ्या पावाची रांग

माझी आत्या कोणाचंही बोलणं सरळ घेत नसे. दूधवाला म्हणाला, "आज दूध अगदी ताजं आहे," की ही विचारणार, "म्हणजे काल नव्हतं?" शेजारीण एखाद्या दिवशी जरा जास्त गोड बोलली, की हिच्या मनात शंकेची पाल चुकचुकलीच. माझे वडील तिचे धाकटे भाऊ. ते तिला लहानपणापासून 'पोलीस' म्हणायचे आणि तिला त्याचा राग येत नसे. "पोलीस तर पोलीस," ती म्हणायची. "तुझ्यासारखं भोळं राहून कोणाचं भलं झालंय?"

एकोणीस वर्षं ती एका हॉटेलात भांडी घासत होती. ऑफिसांच्या रस्त्यावरचं बारा टेबलांचं हॉटेल. सूप, अंडी, पाव, कॉफी, असं साधं खाणं. पुढे काचेचं दार, मध्ये भट्टी आणि सगळ्यात मागे आत्याची मोरी. तिथे तीन खणांचं स्टीलचं सिंक होतं. पहिल्या खणात खरकटं काढून विसळायचं, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात कढत पाणी. भिंतीत एक चौकोनी खिडकी होती, तिच्यातून उष्ट्या बश्या आत सरकायच्या. आत्याला गिऱ्हाईक कधी दिसत नसे. पण कोणाला काय आवडलं आणि कोणी काय टाकलं हे मालकाच्या आधी तिला कळायचं. सूपचे वाडगे तळाशी दोन बोटं भरलेले परत यायला लागले, की ती तिथूनच ओरडायची, "भट्टीवाले, आज मीठ जास्त पडलंय!" आणि ते पडलेलं असायचंच.

भट्टीवाले म्हणजे पाव भाजणारे गृहस्थ. आत्याच्याच वयाचे, मितभाषी, भुवयांवर कायम पीठ. मालक मात्र तरुण होता. वडील गेल्यावर हॉटेल त्याच्या गळ्यात पडलं होतं आणि दुपारची रिकामी टेबलं बघून त्याचा जीव वरखाली व्हायचा. तो कुठल्याशा प्रदर्शनाला गेला आणि येताना एक मोठा डबा घेऊन आला. डब्यात काळी पूड होती. काजळासारखी मऊ. ती पिठात मिसळायची, की पाव कोळशासारखा काळाकुट्ट होतो. आत भरपूर चीज भरायचं. पाव दोन्ही हातांनी फाडला, की पांढऱ्याशुभ्र तारा हातभर लांब ओढल्या जायच्या.

पहिले दोन आठवडे कोणी ढुंकून बघितलं नाही. मग एक मुलगी आली. तिने टेबलावर आपला छोटा दिवा ठेवला, पाव फाडतानाचं चित्रण केलं आणि निघून गेली. पुढच्या शनिवारी हॉटेलच्या दारापासून कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानापर्यंत रांग होती.

आत्याला रांगेची बातमी मोरीतच लागली. खिडकीतून बश्यांचा पूर आला आणि प्रत्येक बशीत अर्धा काळा पाव. कुठे पाऊण. कुठे तर नुसताच फाडून ठेवलेला, दात न लागलेला. चीज घट्ट होऊन बशीला चिकटलेलं. चीजला कढत पाणी लावलं की त्याचं रबर होतं, म्हणून आत्या आधी गार पाण्यात बश्या भिजवायची, मग खरवडायची. संध्याकाळपर्यंत सिंकच्या जाळीत काळा लगदा साचला आणि खरकट्याचं पिंप तिला एकटीला उचलेना.

"भट्टीवाले," ती म्हणाली, "तुमचा पाव बिघडलाय."

भट्टीवाल्यांना ते लागलं. तीस वर्षांत त्यांच्या पावाला कोणी नाव ठेवलं नव्हतं. त्यांनी एक ताजा पाव तिच्या हातात ठेवला. "खाऊन बघा आणि मग बोला."

तिने खाल्ला. सावकाश, डोळे मिटून. "साधा पाव आहे," ती म्हणाली. "जरा कचकच लागते दाताखाली, बाकी साधाच. वेगळी चव कसलीच नाही."

"मी तरी काय म्हणतोय?" भट्टीवाले म्हणाले.

चव वाईट असती तर आत्याची समजूत पटली असती. चव कसलीच नव्हती, यानेच तिचं डोकं फिरलं. मग रांग कशाची? तिला वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. तिचा पहिला संशय मालकावर गेला. त्याने माणसं भाड्याने आणून उभी केली असणार! तीन शनिवार ती पाच-पाच मिनिटांची सुट्टी काढून दाराच्या आडून रांग न्याहाळत राहिली. हिरव्या टोपीतला एक माणूस तिला तीन वेळा दिसला. तिसऱ्या वेळी तिने त्याला गाठलंच. "तुम्ही दर वेळी कसे हो इथे?" तो बिचारा गोंधळून म्हणाला, "बाई, मी शिंप्याकडे आलोय. माझी पँट तीन आठवडे झाले तयार होत नाहीये. ही रांग कसली आहे, मला कोणी सांगेल का?"

त्या रांगेत एकदा मीही होते. मी तेव्हा जवळच्याच विमा कंपनीत फोन घेण्याच्या कामावर होते. ऑफिसातल्या चौघींनी पावाचे फोटो टाकले होते, मी एकटीच राहिले होते. आत्या तिथेच काम करते हे मी मैत्रिणींना सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलं, ते आता सांगायला मला लाज वाटते. पन्नास मिनिटं उभी राहिले. पाव आला, फाडला, मैत्रिणीने फोटो काढला. दोन घास खाल्ले आणि बशी सरकवून दिली.

पाच मिनिटांनी आतून रबरी एप्रन घातलेली आत्या बाहेर आली. माझीच बशी तिच्या हातात होती. दातांचे ठसे बघून तिने ओळखलं असं ती नंतर सांगायची. माझा पुढचा एक दात तिरका आहे.

"हे तुझं?" तिने विचारलं. मैत्रिणी बघत होत्या.

"हो, आत्या."

"आवडलं?"

"छान आहे."

"मग टाकलंस का?"

"पोट भरलं."

"दोन घासांत?"

तिने मैत्रिणींच्या बश्यांकडे एकदा नजर फिरवली आणि ती आत गेली. माझ्या फोटोखाली मी 'लाजवाब' असं आधीच लिहून टाकलं होतं.

त्यानंतर एका रविवारी तिने दिवसभराचं खरकटं पिंपात टाकलंच नाही. उरलेले काळे पाव सगळे एका टबात साठवले आणि हॉटेल बंद करायच्या आधी मालकाला मोरीत बोलावलं. टब काठोकाठ भरला होता, वर ढीग.

"बघा," ती म्हणाली. "लोक खात नाहीयेत."

मालकाने टबात डोकावून बघितलं. "पण मावशी, जाताना हसत जातात ना?"

"हसतात कॅमेऱ्याकडे बघून. यात काहीतरी गोम आहे, सांगून ठेवते."

"अर्धाच खातात," मालक स्वतःशीच म्हणाला. "म्हणजे अर्धाच द्यायला हवा."

पुढच्या आठवड्यापासून पाव निम्म्या आकाराचा झाला. गिऱ्हाइकं म्हणाली, किती गोंडस! आणि त्या गोंडस पावाचाही अर्धा भाग परत यायला लागला. आत्याने हात टेकले. हॉटेलातले सगळेच कंटाळले होते. भट्टीवाल्यांच्या नखांतला काळा रंग निघत नव्हता, टेबलांवर वाढायला असलेल्या मुलींना "चीजची तार किती लांब येते?" या एकाच प्रश्नाचं उत्तर देऊन उबग आला होता. सूप मागणारं जुनं गिऱ्हाईक रांग बघून परस्पर निघून जायचं. पण रांग होती, आणि रांगेपुढे कोणाचं काही चालत नव्हतं.

या सगळ्यात आत्याने एक गोष्ट केली, तिचा पुढे तिला फार त्रास झाला. अन्न टाकणं तिच्या जिवावर यायचं. भट्टीत वाकडेतिकडे झालेले पाव दुपारी कामगारांना वाटले जात. बाकीचे नाकं मुरडायचे, ही दोन-तीन पाव कागदात गुंडाळून घरी न्यायची. स्वतः खात नसे. ते आतोबांसाठी असायचे.

आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. पूर्वी ते लिफ्ट दुरुस्त करायचे. चौतिसाव्या वर्षी कामावर असतानाच त्यांना फिट आली. नशिबाने तेव्हा ते तळमजल्यावर होते. पण उंचावरचं काम तिथेच सुटलं. मग ते घरी बसून लोकांची घड्याळं, रेडिओ, पंखे दुरुस्त करायला लागले. सकाळी आठला एक गोळी, रात्री आठला एक. अकरा वर्षांत पुन्हा फिट आली नव्हती. आतोबा सकाळी चहाबरोबर काळा पाव खायचे, त्यावरच गोळी घ्यायचे आणि म्हणायचे, "वा! मोठ्या लोकांचा नाश्ता गरिबाघरी."

काळा पाव सुरू झाल्यापासूनच्या चौथ्या महिन्यात, एका बुधवारी सकाळी, आत्या कामावर निघायच्या तयारीत होती. आतोबा कपात दूध ओतत होते. तिला कपावर चमचा खडखडल्याचा आवाज आला. वळून बघायच्या आधीच तिला कळलं होतं, असं ती सांगते. ते खुर्चीवरून खाली कलंडले. तिने खुर्ची लाथेने बाजूला सारली, त्यांना कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपली पिशवी सरकवली आणि घड्याळाकडे बघितलं. दोन मिनिटं दहा सेकंद. अकरा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी शिकवलेलं सगळं तिच्या हातांना आठवत होतं. मग अंग सैल पडलं, आणि थोड्या वेळाने डोळे उघडून आतोबा म्हणाले, "दूध सांडलं का गं?"

आत्याने त्यांना पलंगावर निजवलं, मला फोन केला आणि मी पोचेपर्यंत गोळ्यांची पाकिटं पालथी घातली होती. एकही गोळी चुकलेली नव्हती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "घरात नवीन काय आलंय? एकच गोष्ट."

"आत्या, पावाने कधी फिट येते का?"

"मला नाही माहीत. पण माझं मन मला खातंय."

माझे वडील फोनवर हसले. म्हणाले, पोलिसांना आरोपी सापडला! तिने फोन ठेवून दिला आणि ती तडक हॉटेलात गेली. आतोबांजवळ मी बसले. तिने भट्टीवाल्यांना सांगितलं, मला ती काळी पूड हवी, चमचाभर. भट्टीवाल्यांनी डबा काढला. त्यावरचा मूळचा कागद खरवडून तिथे मालकाने स्वतःच्या हॉटेलाचं लेबल चिकटवलं होतं. ते बघून आत्याचा संशय दुप्पट झाला. "हे का झाकलंय?" भट्टीवाल्यांनी खांदे उडवले, कागदाच्या पुडीत पूड बांधून दिली आणि हळूच म्हणाले, "मी स्वतः घरी नेत नाही हा पाव."

आत्याने त्यांची बाही धरली. "का? तुम्हाला काय माहीत आहे?"

"दात काळे होतात," ते म्हणाले. "बायको ओरडते."

त्याच दिवशी दुपारी आम्ही तिघं डॉक्टरीणबाईंकडे गेलो. अकरा वर्षं त्याच आतोबांना बघत होत्या. आत्याने टेबलावर पुडी उघडली. डॉक्टरीणबाईंनी बोटाच्या टोकाने पूड चोळली, पावाबद्दल विचारलं, गोळी कधी आणि कशाबरोबर घेतात ते विचारलं. मग त्या म्हणाल्या, "हा औषधी कोळसा असावा. कोणाच्या पोटात विष गेलं, तर कधीकधी आम्हीच तो देतो. तो पोटात गेल्यावर विषाला धरून ठेवतो, रक्तात उतरू देत नाही. पण विष कुठलं आणि औषध कुठलं, हे त्याला कळत नाही. गोळीबरोबर खाल्ला तर गोळीलाही धरून ठेवू शकतो."

आत्या खुर्चीत पुढे सरकली. "म्हणजे मीच..."

"थांबा. एका पावात किती असतो, मला माहीत नाही. फार थोडा असेल तर फरक पडणारही नाही. बाकी काही बदललं होतं का? झोप कशी आहे?"

आतोबांनी सांगितलं, वरच्या मजल्यावर दहा दिवस फरशी फोडण्याचं काम चाललंय, पहाटेच हातोडे सुरू होतात, त्यामुळे झोप नीट नाही.

"झोप कमी झाली तरी फिट येते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मग नक्की कशाने आली?" आत्याने विचारलं.

"नक्की नाही सांगता येणार."

रक्त तपासलं. औषधाचं प्रमाण कमी निघालं. पण आधीची तपासणी चार वर्षांपूर्वीची, त्यामुळे ते कधीपासून कमी होतं हे कोण सांगणार? डॉक्टरीणबाईंनी गोळी थोडी वाढवली, पाव बंद करायला सांगितला, झोपेची काळजी घ्या म्हणाल्या. तिन्ही गोष्टी एकदमच झाल्या. वरचं काम पुढच्याच आठवड्यात संपलं. आतोबांना पुन्हा फिट आली नाही, आणि कशामुळे आली नाही, हे कधीच कळलं नाही.

घरी येताना आत्या आमच्या चार पावलं पुढे चालत होती. दारात पोचल्यावर मला म्हणाली, "सगळ्या जगावर संशय घेतला. पावावरही घेतला. आणि तोच पाव रोज पिशवीत घालून घरी आणला. याला काय म्हणायचं?" आतोबा कुलूप उघडत होते, ते म्हणाले, "काटकसर म्हणायचं." ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी ती मालकापुढे उभी राहिली. म्हणाली, दारावर पाटी लावा. रोज गोळ्या-औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून हा पाव खावा, एवढंच लिहा.

"अहो मावशी, हे हॉटेल आहे की दवाखाना?" मालक म्हणाला. "डॉक्टरांनी खात्रीने सांगितलंय का?"

"खात्रीने नाही. शक्यता आहे म्हणाल्या."

"मग? शक्यतेची पाटी लावतं का कोणी? उद्या म्हणाल, कॉफीने झोप उडण्याची शक्यता आहे, पाटी लावा!"

त्याने विषय उडवून लावला. आत्या दोन दिवस बश्या घासत राहिली. तिसरा दिवस शनिवार होता. भर दुपारी, रांग शिंप्याच्या दुकानापलीकडे गेलेली असताना, तिने पहिल्या खणात बश्या भिजत टाकल्या आणि ती ओल्या एप्रनमध्ये, हातमोजे तसेच ठेवून, पुढच्या दाराने रस्त्यावर आली. रांगेच्या तोंडापासून तिने सुरुवात केली.

"रोजची गोळी चालू आहे का कसली? औषध?"

पहिल्या दोघी मुली खिदळल्या. तिसरा माणूस भडकला. "तुम्हाला काय करायचंय? कोण तुम्ही?"

"मी बश्या घासते इथल्या. गोळी चालू असेल तर आज नको खाऊ. डॉक्टरांना विचार, मग ये. पाव कुठे पळून जात नाहीये."

पुढे एक म्हातारी बाई लेकीबरोबर उभी होती. आत्याने विचारल्यावर ती म्हणाली, "आहे ना, सकाळची एक आणि दुपारची एक."

"मग आज राहू दे, आई."

म्हातारीचा चेहरा एकदम उजळला. "बरं झालं बाई सांगितलंस! मला नव्हतंच खायचं. हिने आणलं ओढून. पाय दुखून आले माझे." लेक म्हणाली, "मला तरी कुठे खायचं होतं? माझ्या नणंदेने फोटो टाकला म्हणून..." मागचे दोघं-तिघं हसले. आत्या पुढे जात राहिली. शेवटपर्यंत पोचेतो सात-आठ माणसं रांगेतून बाहेर पडली होती. त्यातल्या किती जणांच्या गोळ्या चालू होत्या आणि कितींना नुसतं निमित्त हवं होतं, देव जाणे. एकाने मात्र हे सगळं फोनवर टिपलं.

मालक धावत आला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. "मावशी, हद्द झाली! उद्यापासून येऊ नका."

आत्याने हातमोजे काढले, त्याच्या हातात दिले आणि म्हणाली, "पहिल्या खणात बश्या भिजतायत. आधी गार पाणी, विसरू नका." आणि ती घरी आली.

रविवारी ते चित्रण सगळीकडे फिरलं. परिणाम असा झाला, की रांग दुप्पट झाली. पाव खायला नव्हे, 'ती मावशी' बघायला लोक आले. मावशी नव्हती. मोरीत मालक स्वतः उभा होता, कारण ऐनवेळी दुसरं कोणी मिळालं नाही. घाईत त्याने बश्यांवर कढत पाणी सोडलं. चीजचं रबर झालं, रबर जाळीत गेलं, जाळी तुंबली आणि दुपारी तीनला काळं पाणी मोरीतून भट्टीपर्यंत आलं. भट्टीवाल्यांनी पायातले बूट काढून हातात घेतले आणि ते शांतपणे म्हणाले, "आता त्यांना बोलवा."

सोमवारी सकाळी मालक आत्याच्या घरी आला. मी तिथेच होते. आतोबांनी त्याला खुर्ची दिली, एका पंख्याचे सुटे भाग टेबलावरून बाजूला सारले. आत्याने त्याला 'या' म्हटलं नाही, 'जा'ही म्हटलं नाही. ती त्याच्या हातांकडे बघत होती. बोटं काळी, सुरकुतलेली.

"मावशी," तो म्हणाला, "चार महिने तुम्ही सांगत होता. काल पहिल्यांदा माझ्या हाताला लागलं. एकेक पाव... नुसता फाडून ठेवलेला."

"मग बंद करा."

त्याने काळी बोटं एकमेकांवर चोळली. मग म्हणाला, "मलाही वीट आलाय त्याचा. वास आला तरी नको वाटतं. पण उद्या बंद केला आणि कोणीच आलं नाही तर? ती रिकामी टेबलं तुम्ही बघितली नाहीत, तुम्ही मागे असता. मी बघितलीत."

आत्याला हे अपेक्षित नव्हतं. हा शेंडी लावतोय की खरं बोलतोय, हे ती त्याच्या तोंडाकडे बघून ताडत राहिली. शेवटी म्हणाली, "पाटी लावा. मग येते."

"लावतो."

"आणि डब्यावरचा कागद का काढलात ते सांगा."

"त्यावर भलतंच नाव होतं मावशी, हॉटेलाचं नाव दिसावं म्हणून..."

"मूळ कागद कुठे आहे?"

"फेकला."

"बघा," आत्या माझ्याकडे वळून म्हणाली, "बघितलंस?" पण ती उठली आणि तिने चहा ठेवला.

मालकाने पाटी लावली. आधी ती इतकी लहान होती आणि दाराच्या इतक्या वर होती, की उंटावर बसूनच वाचावी. आत्याने स्टूल घेऊन ती उतरवली आणि माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणली. भट्टीवाल्यांनी अक्षरं ठळक करून दिली. काही गिऱ्हाइकं वाचायची, बहुतेक जण पाटीसमोर उभं राहून फोटो काढायचे.

तीन महिन्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी काचेसारखं आरपार दिसणारं काहीतरी खायला द्यायला लागलं. आमच्या ऑफिसातल्या चौघी तिकडे धावल्या. इथली रांग आधी शिंप्याच्या दुकानाअलीकडे आली, मग दारापाशी, आणि एका मंगळवारी दिवसभरात एकानेही काळा पाव मागितला नाही. मालक दोन दिवस बेचैन होता. आत्याला वाटलं, ही काहीतरी युक्ती असणार, माणसं एवढ्या लवकर कशी विसरतील? तिने आठवडाभर वाट बघितली. मग भट्टीवाल्यांनी साध्या पिठाचे पाव भट्टीत घातले. सूप पिणारी जुनी माणसं एकेक करून परत आली. टेबलं पूर्वीइतकीच रिकामी आणि पूर्वीइतकीच भरलेली राहिली, आणि हॉटेल चालत राहिलं.

आत्याने त्यानंतर तिथे आणखी सहा वर्षं काम केलं. गुडघ्यांनी तक्रार सुरू केल्यावर सोडलं. आतोबांच्या त्या फिटचा विषय मात्र तिने सोडला नाही. कधीही, कशावरूनही, भाजी निवडता निवडता विचारायची, "तुला काय वाटतं? पाव की झोप?" मी कधी पाव म्हणायचे, कधी झोप. पाव म्हटलं, तर ती दिवसभर गप्प व्हायची. झोप म्हटलं, तर म्हणायची, "माझं मन राखायला म्हणतेस."

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले होते. आत्या खाली भाजी आणायला गेली होती. आतोबा एका घड्याळाच्या पाठीत डोकं घालून बसले होते. बोलता बोलता त्या पावाचा विषय निघाला. मी म्हटलं, "आतोबा, तुम्हाला मात्र फार आवडायचा तो."

त्यांनी भिंग डोळ्यावरून काढलं. "मला?" ते म्हणाले. "छे गं. तोंडात घोळायचा नुसता. ती दिवसभर राबून, एवढ्या दुरून कागदात बांधून आणायची. काय सांगणार?"

"मग तसं तिला सांगा ना. इतकी वर्षं मनाला लावून घेतलंय तिने, की तुम्हाला आवडतो म्हणून आणत राहिले."

"वेडी आहेस?" आतोबा दाराकडे बघत हळू आवाजात म्हणाले. "सांगितलं, की विचारेल, आणखी काय काय लपवलंत. माझं उरलेलं आयुष्य चौकशीत जाईल."

तेवढ्यात जिन्यात तिची पावलं वाजली. आतोबांनी भिंग डोळ्याला लावलं. आत्या आत आली, पिशवी खाली ठेवली, दम खाल्ला आणि आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं.

"काय चाललं होतं?"

"काही नाही," आम्ही दोघंही एकदमच म्हणालो.

तिने पदराने कपाळावरचा घाम टिपला, खुर्ची ओढली आणि ती माझ्या अगदी समोर येऊन बसली.